दंतसेतु-द्रव्ये

दंतसेतु-द्रव्ये : पडलेल्या वा काढलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या नैसर्गिक दातांचा आधार घेऊन कायमचे बसविलेले कृत्रिम दात म्हणजे दंतसेतू होय. व्यवहारात यालाच ‘ब्रिज’ म्हणतात. तो ज्या धातूंपासून, मृत्तिकांपासून व रेझिनांपासून बनवितात त्यांना दंतसेतु-द्रव्ये ही संज्ञा आहे. कवळी रोज काढून धुता येते. सेतू मात्र सिमेंटाने पक्का चिकटविलेला असल्यामुळे रुग्णाला काढता येत नाही. सेतूचे सामान्यतः तीन भाग असतात : दोन्ही टोकांच्या आधारदातांवर बसणारी टोपणे (कॅप), मधला अधांतरी कृत्रिम दात आणि या सर्वांना एकत्र धरणारे सांधे. टोपणे बसण्यासाठी आधारदात चहूबाजूंनी कोरून बारीक करावे लागतात. कोरलेले दंतवल्क, म्हणजे दाताचे वरचे कठीण पांढरे कवच, पुन्हा कधीही वाढत नाही. एका गेलेल्या दातासाठी दोन, बहुधा निरोगी, दातांचा काही अंश कायमचा द्यावा लागतो. द्रव्याच्या निवडीला महत्त्व येते ते यामुळेच. कारण दात किती कोरावा लागेल हे बहुतांशी द्रव्यावर अवलंबून असते. संपूर्ण धातूच्या टोपणासाठी चावण्याच्या पृष्ठावरून १ ते १.५ मिमी. कोरणे पुरते, धातूवर पोर्सलीन चढवावयाचे असल्यास १.५ ते २ मिमी. कोरावे लागते.

सेतूवरील भार : चावताना दाढांच्या भागात जास्तीत जास्त ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किग्रॅ. वजनाइतका जोर येऊ शकतो. पुढच्या पटाशीच्या दातांवर तो याच्या बराच कमी असतो. नेहमीच्या घासाला एवढा जोर लागत नाही. पण सुपारी फोडताना, खारीक चावताना किंवा भाकरीत खडा आल्यावर तो क्षणभर लागतो आणि सेतू मोडतो तो अशाच क्षणी. मधला दात दोन आधारांवर ठेवलेल्या तुळईसारखा वाकतो. यांत्रिकीच्या नियमानुसार तुळईचे वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते व जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते. एक दात गेला असता सेतू जेवढा वाकेल त्याच्या आठपट तो दोन दातांच्या खिंडीवर वाकतो आणि तीन दातांच्या खिंडीवर सत्तावीसपट. जाडी निम्मी केली तरी वाकणे आठपट होते. वाकलेला सेतू लगेच मोडतोच असे नाही. परंतु एका टोकाचे सिमेंट सुटते, फटीत लाळ व अन्नकण शिरतात आणि टोपणाखालचा दात आतल्या आत किडतो. दुसऱ्या टोकाने सेतू घट्टच असल्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ता पुष्कळ दिवस लागत नाही. म्हणून सेतूच्या द्रव्यात नुसते बळ असून भागत नाही, ताठपणाही लागतो. ताठपणाचे माप असलेला स्थितिस्थापकता गुणांक सोन्याच्या मिश्रधातूंत साधारणतः ८० ते १०० गिगॅपास्कल असतो. निकेल-क्रोमियम मिश्रधातूंत तो सु. २०० गिगॅपास्कल म्हणजे जवळजवळ दुप्पट असतो. दंतवल्काचा गुणांक सु. ८० व त्याखालच्या दंतिनाचा सु. १८ गिगॅपास्कल आहे. म्हणजे निसर्गाने कठीण, ठिसूळ कवच त्याहून पुष्कळ लवचिक गाभ्यावर बसविले आहे. ही जोडणी हुबेहूब साधणारे द्रव्य अद्यापि तयार झालेले नाही.

आधारदातांची मुळे हाडात किती रुतलेली आहेत यालाही तितकेच महत्त्व आहे. आधारदातांच्या मुळांचे एकूण पृष्ठफळ गेलेल्या दातांच्या मुळांच्या पृष्ठफळाइतके तरी असावे, हा १९२६ मध्ये अँटी यांनी मांडलेला नियम दंतवैद्यकाचे विद्यार्थी अजूनही शिकतात. हिरड्या खचून दात हलू लागले असतील तर सर्वोत्तम द्रव्याचा सेतूही टिकत नाही.

ऐतिहासिक आढावा : इटलीतील एट्रुस्कन लोक इ. स. पू. सातव्या शतकापासून सोन्याच्या पट्ट्यांत माणसाचे किंवा बैलाचे दात रिवटाने बसवून ते शेजारच्या दातांना अडकवीत. फिनिशियन लोक सोन्याच्या तारेने दात बांधीत. पुढे पुष्कळ शतके हस्तिदंत, पाणघोड्याचा दात व मृत माणसांचे दात यांवरच काम भागविले जाई; हे सर्व जैव पदार्थ लाळेत कुजत व त्यांना दुर्गंधी येई. प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याच्या १७२८ मधील ग्रंथाने या विद्येला शास्त्राचे रूप दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोर्सलिनाचे दात तयार होऊ लागले आणि न कुजणारे द्रव्य प्रथमच हाती आले. चार्ल्स लँड यांनी १९०३ च्या सुमारास प्लॅटिनमाच्या पातळ पत्र्यावर भाजलेले पोर्सलिनाचे टोपण प्रचारात आणले. ते दिसावयास सुरेख, पण नाजूक होते.

धातूच्या सेतूचे युग खऱ्या अर्थाने १९०७ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोन्याचे ओतकाम करण्याची रीत जाहीर केली. दाताच्या साच्यावर मेणाचा हुबेहूब नमुना करावयाचा, तो उष्णतारोधी लेपात पुरावयाचा, भट्टीत मेण जाळून टाकावयाचे आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू जोराने दाबावयाचा, अशी ही रीत आहे. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. देवमूर्ती ओतण्याची हीच रीत ‘मधूच्छिष्टविधान’ या नावाने कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात वर्णिली आहे. टॅगर्ट यांचे वैशिष्ट्य अचूकतेत होते. मूर्तीत केसभर फरक पडला तर चालतो, दाताच्या टोपणात चालत नाही. सोन्याचा मिश्रधातू थिजताना सु. १.४ टक्के आकसतो; तेवढेच प्रसरण लेपात घडवून आणावे लागते. यासाठी लेपात सिलिका वापरतात, कारण ती तापविताना एकदम फुगते. सोन्यासाठी जिप्समाचा लेप चालतो. अधिक उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूंना फॉस्फेटाचा लेप लागतो.

सोने : शुद्ध सोने (वितळबिंदू १,०६४° से.) मऊ असल्याने सेतूला उपयोगी पडत नाही. त्यात तांबे, चांदी, प्लॅटिनम व पॅलॅडियम मिसळून ते कठीण करतात. दंतकामाच्या सोन्याचे मऊपासून अतिकठीणपर्यंत चार प्रकार मानले जातात. त्यांपैकी शेवटचे दोन सेतूसाठी वापरतात. तिसऱ्या प्रकारात सोन्याचे प्रमाण सु. ७५ टक्के, म्हणजे सोनाराच्या भाषेत अठरा कॅरट असते. सोने लाळेत काळवंडत नाही. त्याच्या कडा घासून दाताला अगदी चपखल बसविता येतात आणि समोरच्या दाताला ते झिजवीत नाही. निव्वळ द्रव्याच्या गुणांवर निवाडा करावयाचा झाल्यास दाढांच्या सेतूसाठी याहून चांगले द्रव्य आजही दाखविता येणार नाही. सोन्याच्या दाताला आपल्याकडे प्रतिष्ठाही होती. रणांगणावर मरणोन्मुख पडलेल्या कर्णाने याचकाला आपला सोन्याचा दात काढून दिल्याची लोककथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तथापि सोन्याचा पिवळा रंग पुढच्या दातांत लोकांना नकोसा झाला आणि १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडल्यावर सोन्याचा जागतिक भाव झपाट्याने चढत गेला. दंतप्रयोगशाळा स्वस्त धातूंकडे वळल्या त्या यानंतर. [⟶ सोने].

हीन धातूंचे मिश्रधातू : निकेल-क्रोमियम व कोबाल्ट-क्रोमियम हे यांतील प्रमुख होत. ‘हीन’ हा शब्द येथे केवळ ‘मौल्यवान नसलेले’ या अर्थी घ्यावयाचा. क्रोमियमामुळे पृष्ठावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ, चिवट थर तयार होतो आणि त्यामुळे धातू लाळेत गंजत नाही. ताठपणा जास्त असल्याने टोपण पातळ करता येते व लांब खिंडीवरही सेतू कमी वाकतो. उलट बाजूस, ते १,३००° से. च्या आसपास वा त्याहून अधिक तापमानाला वितळतात, ओतताना सु. २ टक्के वा थोडे अधिक आकसतात आणि घासण्यास फार कठीण असतात. त्यामुळे कडा चपखल बसविणे हे तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून राहते. किंमत कमी असल्याने भारतातील धातूच्या सेतूंत निकेल-क्रोमियमाचा वाटा फार मोठा आहे.

या मिश्रधातूंचे दोन दोष गंभीर आहेत. पहिला निकेलाच्या अधिहर्षतेचा, म्हणजे ॲलर्जीचा. खोट्या दागिन्यांनी कान वा मनगट चिघळण्याचा अनुभव पुष्कळ स्त्रियांना असतो. त्याचे कारण बहुधा निकेल असते. अशा व्यक्तीच्या तोंडात निकेलाचा सेतू बसविला तर हिरडी लाल होऊन सुजू शकते व तोंडाची आग होऊ शकते. सेतू बसविण्यापूर्वी याबद्दल एक प्रश्न विचारण्यास काहीच खर्च येत नाही. तरीही तो नेहमी विचारला जात नाही. दुसरा दोष बेरिलियमाचा आहे. धातू पातळ वहावा व पोर्सलीन नीट चिकटावे म्हणून काही मिश्रधातूंत २ टक्क्यांपर्यंत बेरिलियम मिसळीत. सेतू घालणाऱ्याला त्याचा धोका फारसा नसतो. तो घासणाऱ्या तंत्रज्ञाला असतो. बेरिलियमयुक्त धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बेरिलियमाचे प्रमाण आता ०.०२ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये. कोबाल्टालाही युरोपीय संघाने २०२१ पासून कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातले आहे. टिटॅनियम शरीराला सर्वांत मानवणारा धातू आहे; परंतु तो १,६६८° से. ला वितळतो व तापल्यावर ऑक्सिजनाशी तत्काळ संयोग पावतो. त्यामुळे त्याचे ओतकाम अवघड आहे. त्याचा मुख्य उपयोग जबड्याच्या हाडात बसवावयाच्या कृत्रिम मुळांसाठी होतो. [⟶ मिश्रधातू].

धातूवरील पोर्सलीन : दंतकामाचे पोर्सलीन हे मुख्यतः फेल्स्पार (७५ ते ८५ टक्के) असून त्यात गारेची पूड व थोडी चिनी माती असते. चिनी मातीच्या बशीहून ते काचेला जास्त जवळचे आहे. संपीडन ते चांगले सोसते, पण ताण पडला की तडकते. त्याचे नमनसामर्थ्य १०० मेगॅपास्कलांच्या आतच असते. एकट्या पोर्सलिनाचा सेतू त्यामुळे होऊ शकत नाही. ते धातूच्या सांगाड्यावर भाजले की धातूचे बळ व पोर्सलिनाचे रूप दोन्ही मिळतात. दागिन्यांवरील मीनाकामाचे व पूर्वी घरोघरी असलेल्या एनॅमलच्या ताटांचे तत्त्व हेच आहे. परंतु एनॅमलच्या ताटाचे जे होई तेच पहिल्या प्रयत्नांत सेतूचे झाले : टवके उडाले. साधे पोर्सलीन तापविल्यावर फार थोडे प्रसरण पावते, धातू जास्त. थंड होताना धातू अधिक आकसतो व वरचा थर फुटतो. हा प्रश्न अमेरिकेत वाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मधील पेटंटांद्वारे सोडविला. त्यांनी पोर्सलिनात ल्यूसाइट या जास्त प्रसरण पावणाऱ्या खनिजाचे प्रमाण वाढविले आणि त्याला अनुरूप असा सोन्याचा मिश्रधातूही तयार केला. आता धातूचा प्रसरणांक दर अंश से. ला १३.५ ते १४.५ दशलक्षांश व पोर्सलिनाचा त्याहून सु. ०.५ ने कमी ठेवतात. हा छोटा फरक मुद्दाम राखलेला असतो. थंड होताना धातू किंचित जास्त आकसून पोर्सलिनाला चहूबाजूंनी आवळून धरतो. पोर्सलीन संपीडनात राहते आणि संपीडन तर त्याला मानवतेच. धातूवरील ऑक्साइडाचा थर दोहोंना रासायनिक रीत्या जोडतो. सोन्यावर ऑक्साइड बनत नाही, म्हणून त्यात कथिल, इंडियम वा लोह यांचा अल्पांश घालतात.

पोर्सलीन थरांनी चढवितात. धातूचा काळसरपणा झाकणारा अपारदर्शक थर प्रथम, मग दंतिनाच्या रंगाचा व शेवटी दंतवल्कासारखा अर्धपारदर्शक. प्रत्येक थर ९००° ते ९८०° से. च्या दरम्यान, निर्वात भट्टीत भाजतात. शेवटी झिलई चढते. झिलई शाबूत असेतो पृष्ठ गुळगुळीत राहते. चावण्याची उंची जुळविताना ती खरवडली गेली आणि तसाच खरखरीत भाग ठेवला, तर तो समोरच्या निरोगी दाताला कानशीसारखा झिजवितो. हिरडी पुढे खाली गेल्यास धातूची काळी कडा दिसू लागते, ही या सेतूची सर्वांत सामान्य तक्रार आहे.

संपूर्ण मृत्तिका-सेतू : धातू अजिबात न वापरण्याचे प्रयत्न मॅक्लीन व ह्यूज यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिना मिसळलेले पोर्सलीन तयार केल्यापासून चालू आहेत. लिथियम डायसिलिकेट हे काच-मृत्तिका द्रव्य १९९८ मध्ये आले. त्याचे नमनसामर्थ्य ३५० ते ४०० मेगॅपास्कल व अर्धपारदर्शकता खऱ्या दातासारखी आहे. पण त्याचा तीन दातांचा सेतू उपदाढेपलीकडे नेऊ नये आणि सांध्याचा छेद सु. १६ चौ. मिमी. असावा, अशी मर्यादा आहे. ज्यांच्या दातांची उंचीच कमी आहे त्यांच्या तोंडात एवढा सांधा मावत नाही.

या बाबतीत झिर्कोनियाने, म्हणजे झिर्कोनियम डाय-ऑक्साइडाने, मोठा पालट घडविला. झिर्कोनियम हे मूलद्रव्य क्लापरोट यांनी १७८९ मध्ये ओळखले. त्याचे झिर्कॉन हे खनिज केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील वाळूत सापडते. शुद्ध झिर्कोनिया तापमानानुसार तीन स्फटिकरूपे घेतो : १,१७०° से. पर्यंत एकनताक्ष, त्यावर २,३७०° से. पर्यंत चतुष्कोणीय व त्याहून वर घनीय. थंड होताना चतुष्कोणीयाचे एकनताक्ष रूप झाले की घनफळ सु. ४ टक्के वाढते व वस्तू तडकून तिचा भुगा होतो. सु. ३ रेणुटक्के इट्रिया मिसळली असता मात्र चतुष्कोणीय रूप नेहमीच्या तापमानालाही टिकून राहते. जो बदल अनर्थ घडवीत होता तोच मग उपकारक ठरतो. तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक ताणामुळे एकनताक्ष रूप घेतात, फुगतात आणि तड्याचे तोंड आवळून त्याला पुढे सरकू देत नाहीत. यामुळे झिर्कोनियाचे नमनसामर्थ्य ९०० ते १,२०० मेगॅपास्कल भरते व सांध्याला सु. ९ चौ. मिमी. छेद पुरतो. सेतू अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून संगणकचलित यंत्राने २० ते २५ टक्के मोठा कोरतात. मग तो १,३५०° ते १,५५०° से. ला तापपिंडन करून, म्हणजे न वितळविता कण एकजीव करून, योग्य मापाला आकसवितात.

झिर्कोनियावर चढविलेल्या पोर्सलिनाचे टवके उडण्याचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत बरेच होते. त्यामुळे दाढांसाठी वर काहीही न चढविता संपूर्ण झिर्कोनियाचाच सेतू करण्याकडे कल वाढला. याला दात केवळ ०.५ ते १ मिमी. कोरावा लागतो. झिर्कोनिया फार कठीण म्हणून समोरचा दात झिजवील ही शंका स्वाभाविक आहे, पण उत्तम झिलई दिलेला झिर्कोनिया पोर्सलिनापेक्षा कमीच झिजवितो. ओलाव्यात पृष्ठाचे स्फटिक हळूहळू एकनताक्ष होत जाणे, हा त्याचा जराविकार मानला जातो. सेतू मोडल्यास तो तोंडात सांधता येत नाही. काढावयाचा म्हटले तरी हिऱ्याच्या कणांच्या चाकाने बराच वेळ कापावा लागतो. [⟶ झिर्कोनियम].

रेझिने व चिकट सेतू : ॲक्रिलिक रेझीन १९३७ च्या सुमारास दंतकामात आले. सेतूसाठी ते आता केवळ तात्पुरते, म्हणजे कायमचा सेतू तयार होईपर्यंत कोरलेले दात झाकण्यापुरते वापरतात. बोनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्क आम्लाने खरवडून त्यावर रेझीन चिकटविण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे दात जवळजवळ न कोरता, मागच्या बाजूने धातूचे पातळ पंख चिकटवून बसविण्याचा सेतू शक्य झाला. रोशेट यांनी १९७३ मध्ये भोके असलेला पंख वापरला. पुढे मेरिलंड विद्यापीठात तो सुधारला. पुढचा एकच दात गेला असेल, विशेषतः रुग्ण तरुण असेल, तर या सेतूचा विचार प्रथम व्हावयास हवा. तो सुटला तरी मूळ दात शाबूत राहतात.

चिकटविण्याची द्रव्ये : झिंक फॉस्फेट हे जुने व भरवशाचे सिमेंट होय. विल्सन व केंट यांचे १९७२ मधील काच-आयनोमर सिमेंट दाताला रासायनिक रीत्या चिकटते व फ्ल्युओराइड सोडते. काच-मृत्तिकेच्या सेतूला रेझीन-सिमेंटच लागते.

निवड आणि परिस्थिती : महाराष्ट्रात दंतवैद्यकाचे शिक्षण मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयापासून (१९३३) सुरू असले, तरी सेतूच्या सोयी मुख्यतः शहरांतच एकवटल्या. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हा भेद एकाच नकाशात दिसतो. पूर्वेकडील हिंजवडी व बावधन ही गावे पुणे शहराला चिकटलेली आहेत. पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाकडची गावे डोंगरात व धरणाच्या काठाने विखुरलेली असून तेथील मुसळधार पावसात शहर गाठणे कष्टाचे असते. सेतूला किमान दोन-तीन खेपा लागतात : कोरणे व माप घेणे, सांगाडा जुळविणे, चिकटविणे. पुढेही वर्षाकाठी तपासणी हवी. कोरलेल्या दातांवर तात्पुरते टोपण ठेवून रुग्ण परत आलाच नाही, तर दाताची हानी सेतू न करण्यापेक्षा अधिक होते. म्हणून दूरच्या रुग्णासाठी टवका न उडणारे, कमी खेपांत होणारे साधे द्रव्य, उदा., दाढांना संपूर्ण धातूचे टोपण, हे दिखाऊ द्रव्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. कित्येकदा तर चांगली कवळीच अधिक हिताची असते.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे भाजलेल्या तंबाखूची मिश्री. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या मुखांची पाहणी केली होती (अहवाल १९७२). तीत तंबाखूच्या सवयींचा व मुखातील कर्करोगपूर्व विकारांचा संबंध तपासला गेला. मिश्री दिवसातून अनेकदा हिरड्यांवर घासली जाते. रेझिनाचा सेतू तिने तपकिरी होतो; झिलईदार पोर्सलीन व झिर्कोनिया यांवर डाग वरचेवर बसले तरी ते निघतात. हिरडी खचली तर मात्र द्रव्य कोणतेही असो, आधारदातच सैल होतात. अशा रुग्णाच्या तोंडाची तपासणी सेतूसाठी करावयाची झाली तरी ती गालाच्या व जिभेच्या त्वचेवरील पांढऱ्या चट्ट्यांपासूनच सुरू व्हावयास हवी.

सेतू ज्याच्या हातून घडतो तो प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रुग्णाला सहसा दिसत नाही. लेपातील सिलिका, घासलेला धातू व झिर्कोनियाची पूड या तिन्हींची धूळ त्याच्या श्वासात जाते. सिलिकेमुळे फुप्फुसांना सिलिकामयता हा विकार होतो. धूळ ओढून घेणारे पंखे, ओले घासकाम व मुखपट्टी यांनी तो टाळता येतो. वितळलेल्या मिश्रधातूचा उरलेला भाग नव्या धातूत पुनःपुन्हा मिसळून ओतण्याची काटकसरही काही ठिकाणी चालते. त्यामुळे ऑक्साइड वाढून पोर्सलिनाचा बंध दुबळा होतो. ओतकामाच्या वेळी निदान निम्मा धातू नवा असावा, असा संकेत आहे.